अण्णांचे गुळगुळीत टायर

एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्याच्या कडेकडेने फिरणारा एक डांबरी ट्रॅक होता. आता जंगलात डांबर कुठून आलं, असं विचारू नका. गोष्टीतला सिंह सभा भरवतो तेव्हा विचारता का? मग बसा गप.

हे जंगल मोठं संस्कारी होतं, बाळांनो. तिथे वर्षाचे दोन भाग होते. उन्हाळ्यात ट्रॅक कोरडा, खडखडीत, तव्यासारखा तापलेला. ते सगळे दिवस ज्येष्ठांसाठी राखीव. पावसाळ्यात ट्रॅकवर पाणी, शेवाळ, कुजकी पानं. ते सगळे दिवस होतकरूंसाठी राखीव. "तरुणांना संधी द्यायला हवी," असा ठरावच झाला होता. ठराव झाला तेव्हा तरुण बाहेर ज्येष्ठांच्या गाड्या पुसत होते.

आणि हे लक्षात ठेवा. ज्याला जंगलाबाहेर, घाटापलीकडे जायचं असेल, त्याला परवाना लागायचा. भर पावसात न थांबता ट्रॅकच्या तीन फेऱ्या पूर्ण केल्या, की परवाना. नाहीतर जन्मभर इथेच राहायचं आणि ट्रॅक झाडायचा.

तिसऱ्या वळणाखाली तळ्यात मगरमावशी राहायच्या. त्या सुरक्षा समितीच्या अध्यक्षा होत्या. जो ट्रॅक सोडून खाली येईल तो मावशींचा, असा नियम होता. मावशी पावसाळाभर वळणाखाली तोंड उघडं ठेवून बसायच्या. सुरक्षेसाठीच.

या जंगलात खंडू नावाचा एक मुंगूस होता. शाळा अर्धवट सोडलेला. शाळा होती गवेअण्णांची. अण्णा तिथे 'पाऊस' हा विषय शिकवायचे, खिडक्या घट्ट लावून. खंडूने एकदा खिडकी उघडली. अण्णा म्हणाले, "बाहेर हो." तो बाहेर झाला तो परत आत गेलाच नाही. भंगारातून एकेक भाग जमवून त्याने एक छोटी गाडी जोडली. तिला दरवाजा एकच होता, पण इंजिन गुणी होतं.

खंडूला घाटापलीकडे जायचं होतं. दुसरी कसलीही इच्छा त्याला नव्हती. मागच्या पावसाळ्यात हीच इच्छा शेवंताला होती. शेवंता म्हणजे भेकर, खंडूची मैत्रीण. तिसऱ्या वळणावर तिची गाडी अशी घसरली की जणू साबणाच्या वडीवर बसवली होती. मावशींनी नियम पाळला.

शोकसभेत अण्णा म्हणाले, "गाडी चालवताना मोबाईल बघत असणार."

शेवंताकडे मोबाईल नव्हता. खंडूने तसं ओरडून सांगितलं. त्याला सभेबाहेर काढलं आणि मग चहा झाला.

शेवंता कशी घसरली, ते खंडूला ठाऊक होतं. तुम्हालाही सांगतो, पण त्याआधी या जंगलाची रीत सांगायला हवी.

पावसाळा लागला की तिथे टायरदानाचा सोहळा व्हायचा. ज्येष्ठ मंडळी उन्हाळाभर ट्रॅकवर पळून टायर झिजवायची. टायरवरची सगळी नक्षी जायची. टायर अण्णांच्या टकलासारखा तुळतुळीत झाला, की तो 'अनुभवी' झाला असं मानायचे. मग तो अनुभवी टायर, पिवळ्याधमक पितळी रिमवर चढवून, तरुणांना आशीर्वाद म्हणून द्यायचे. तरुणांनी पाया पडून घ्यायचा. नाही घेतला तर अपमान.

आता खरं बोलायचं तर अण्णा साफ खोटे नव्हते. कोरड्या ट्रॅकवर गुळगुळीत टायर डांबराला चिकटून पळतो. अण्णांनी ऐन जवानीत अशाच टायरांवर ढीगभर ढाली जिंकल्या होत्या. फक्त पावसात त्यांनी आयुष्यात गाडी काढली नव्हती. पाऊस आला की त्यांना सर्दी व्हायची.

त्या साली सोहळ्याला खंडूचं नाव पुकारलं. अण्णांनी त्याच्यापुढे चार टायर ठेवले. रुंद, चकचकीत, गुळगुळीत.

"घे. माझ्या खास गाडीचे आहेत. या टायरांनी तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत."

"पाहिलेत कुठून अण्णा?" खंडू म्हणाला. "गॅरेजच्या खिडकीतून?"

मंडपात मागे एक माकड फिस्सकन हसलं. त्याच्या आईने त्याला चिमटा काढला.

"अण्णा, यावर पाणी कापायला एक तरी खाच दाखवा," खंडू पुढे म्हणाला. "खाच नसली की टायरखालचं पाणी बाहेर जाणार कसं? गाडी पाण्यावर तरंगते. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर आरती फिरवा, सारखंच. शेवंताच्या गाडीला तुमचेच टायर होते."

"टायरची पकड बघू नये," अण्णा डोळे मिटून म्हणाले. "मनाची पकड बघावी."

टाळ्या पडल्या. वटवाघळाने ते वाक्य लगेच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुलाबाच्या चित्रावर छापून जंगलातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर आलं, वर 'शुभ सकाळ'.

खंडूने टायर घेतले. पाया पडला नाही. सगळी चाकं टपावर टाकून तो थेट साळिंदरशेठच्या दुकानात गेला.

साळिंदरशेठ टायरवाला. त्याचं पंक्चरचंही दुकान होतं आणि ते फार जोरात चालायचं, कारण गिऱ्हाईक चहा पीत बसलं की शेठ सहज म्हणून त्याच्या गाडीला अंग घासत एक फेरी मारून यायचा.

"शेठ, पावसासाठी चाकं-टायर दाखवा. स्वस्तातले. आणि गाडीपासून लांब उभे राहा."

"अरे, तुझ्यासाठी हा बघ माल!" शेठने सोनेरी जाळीचे मोठाले अलॉय रिम काढले. "काय रुबाब आहे! मोराने हेच नेले."

"मोर कुठाय?"

शेठने काटे चाचपले. "तळ्यात."

"दुसरं दाखवा."

"मग हे रुंद बघ. जितका रुंद टायर तितका भक्कम. अण्णा नेहमी सांगतात."

"अण्णांचं वजन बघा आणि माझं बघा. माझ्या हलक्या गाडीला रुंद टायर लावला तर तो पाण्यावर होडीसारखा पसरेल. मला अरुंद हवा. पाणी चिरत जाणारा."

शेठ वैतागला. "मग एवढं कळतं तर दुकानात कशाला आलास? शाळेत जा शिकवायला."

"तिथून हाकललंय मला."

शेवटी दुकानाच्या पार मागे, मांजराच्या पिल्लांनी मुतून ठेवलेल्या कोपऱ्यात, खंडूला हवं ते दिसलं. लोखंडाची साधी काळी चाकं, लहान मापाची. वर अरुंद टायर. खाचा इतक्या खोल, की खंडूचं नख आत गडप झालं. खंडूने रबर दाबून पाहिलं. मऊ होतं. वर्षानुवर्षं पडून दगड झालेलं नव्हतं. ही चाकं रानडुकराने नवीकोरी घेतली होती, पण गाडी लहान चाकांवर रुबाबदार दिसेना म्हणून बायकोने परत करायला लावली होती.

"हे? हे तर अगदीच गरीब दिसतात रे," शेठ म्हणाला.

"मीही तसाच दिसतो. जोडी जमेल."

सौदा असा ठरला, की खंडूने अण्णांच्या पितळी रिम द्यायच्या आणि ही काळी चाकं न्यायची. शेठने रिम आनंदाने ठेवून घेतल्या. पण त्यावरचे गुळगुळीत टायर काढून परत खंडूच्या पायाशी टाकले.

"हे मात्र घेऊन जा बाबा. हे भंगारवालासुद्धा उचलत नाही."

खंडूने चारही टायर गाडीच्या टपावर एका दोरीने बांधले. फेकणार होता, पण वाटेत उकिरड्यावरही पाटी होती: 'इथे ज्येष्ठांचा मान राखावा.'

फेऱ्यांचा दिवस उजाडला. पाऊस असा कोसळत होता, की तळं कुठे संपतं आणि ट्रॅक कुठे सुरू होतो ते समजेना. ज्येष्ठ मंडळी पत्र्याच्या शेडखाली भजी खात बसली होती. अण्णांच्या गळ्यात मफलर होता.

अण्णांनी खंडूची गाडी पाहिली. आधी काळी लोखंडी चाकं पाहिली. मग टपावरचे टायर पाहिले. त्यांच्या हातातलं भजं खाली पडलं.

"माझे टायर डोक्यावर?"

"डोक्यावरच घेतलेत अण्णा," खंडू म्हणाला. "याहून जास्त मान मला जमत नाही."

आणि तो सुटला.

पहिली फेरी. गाडी डबक्यातून गेली आणि खाचांमधून पाणी कारंज्यासारखं दोन्ही बाजूंना उडालं. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणाखाली मावशींचा जबडा वाट पाहत होता. शेवंता इथेच गेली होती. त्याने वळणाच्या आधीच वेग कमी केला, स्टिअरिंग हळू फिरवलं आणि चाकांनी डांबर धरलं. थोडं सुटलं. पुन्हा धरलं. गाडी वळण ओलांडून पलीकडे गेली.

मावशींनी जबडा मिटला. गेल्या कित्येक पावसाळ्यांत असं झालं नव्हतं.

दुसरी फेरीही पार पडली. आता पोरं शेडबाहेर येऊन पावसात नाचू लागली. "टायरला खाचा पाहिजेत!" असं ती ओरडू लागली. घोषणा काही फार भारी नव्हती, पण ती त्यांनी स्वतः केलेली पहिलीच घोषणा होती.

ते ऐकून अण्णा उठले.

"खाचाबिचा काही नाही! टपावर माझे टायर आहेत, त्यांच्या पुण्याईने टिकलाय तो. काढा माझी गाडी. आज या कार्ट्यांना दाखवतोच."

"अण्णा, सर्दी होईल," कासव म्हणालं.

"आमच्या काळी सर्दी नव्हती!"

अण्णांची गाडी जंगलातली सगळ्यात रुंद, सगळ्यात तुळतुळीत टायरांची. ती ट्रॅकवर उतरली, पहिल्या वळणाला नुसती डुलली, दुसऱ्या वळणाला आडवी झाली आणि तिसरं वळण तिने घेतलंच नाही. सरळ गेली. अण्णांनी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मनाची पकडही घट्ट धरली असेल. गाडी तळ्यात गेली. वर राहिला तो फक्त मफलर आणि त्यात अण्णांचं डोकं.

मावशी पोहत आल्या. जरा थबकल्या.

"अगंबाई, अण्णा! तुम्ही?"

"मावशी, मी आहे, मी! ओळखलंत ना? नियम मीच केलाय!"

"म्हणून तर मोडवत नाही हो," मावशी म्हणाल्या. "तसं म्हातारं मांस मला सोसत नाही. चिवट असतं. पण आज सकाळपासून उपाशी आहे, दोनदा जबडा उघडला आणि दोनदा रिकामा मिटला." आणि त्यांनी तिसऱ्यांदा तो उघडला.

नेमका तेव्हाच खंडू तिसऱ्या फेरीत त्या वळणावर येत होता.

त्याने सगळं पाहिलं. थांबला तर फेरी बाद. परवाना गेला, घाट गेला, जन्मभर झाडू. नाही थांबला तर अण्णा गेले. मुलांनो, खोटं कशाला बोलू, त्याच्या मनात आलं, की जाऊ दे म्हाताऱ्याला. शेवंतासाठी कोण थांबलं होतं? एवढं मनात येईपर्यंत वळण आलं.

त्याने एक हात स्टिअरिंगवर ठेवला. दुसरा खिडकीतून वर टाकून टपावरची दोरी आत ओढली. दोरीला दात लावले आणि कटकन तोडली.

वळणाच्या झोकाबरोबर टपावरचे चारही टायर सुटले. तीन नुसतेच पाण्यात पडले. चौथा उडत गेला आणि मावशींच्या उघड्या जबड्यात आडवा बसला, बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसा. मावशींनी चावला. तुटेना. गिळला. जाईना. थुंकायला गेल्या, तर दात रुतलेले. इतका जुना माल त्यांनी कधी तोंडात धरला नव्हता.

तेवढ्यात अण्णा फुरफुरत काठाला लागले.

खंडू थांबला नव्हता. त्याने तिसरी फेरी पूर्ण केली. रेघ ओलांडली. पोरांनी आरोळी ठोकली. परवान्याचं टेबल पुढेच होतं, आणि टेबलामागे कासव शिक्का शोधत होतं.

अण्णा मफलर पिळत माइकपाशी आले. खंडूला वाटलं, आता तरी म्हातारा एक शब्द शेवंताबद्दल बोलेल. त्याने गाडी हळू केली आणि खिडकीतून कान दिला.

"बंधूंनो आणि भगिनींनो," अण्णा म्हणाले, "आज सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंत! खाचांच्या टायरने मला वाचवलं का? नाही! मला वाचवलं ते माझ्याच गुळगुळीत टायरने! म्हणून पुढल्या सालापासून सर्वांना गुळगुळीत टायर सक्तीचे!"

ज्येष्ठांनी टाळ्या वाजवल्या. वटवाघळाने लिहून घेतलं. कासवाला शिक्का सापडला, पण ते म्हणालं, "आधी अण्णांच्या पाया पड, मग परवाना."

खंडूने काच वर केली. पायाखालचं पेडल दाबलं. टेबलाला वळसा घातला आणि शेडमागून सरळ घाटाची ओली वाट धरली. चाकांनी अण्णांच्या धोतरावर चिखलाची अशी नक्षी काढली, की त्यांच्या कुठल्याही टायरवर तितकी कधी नव्हती. मागोमाग चार-पाच पोरं आपापल्या गाड्या सोडून साळिंदरशेठच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्याकडे पळत सुटली.

आणि परवाना? तो घाटात कुणी विचारलाच नाही. तिथे विचारायला उभं राहणारं कुणी नव्हतंच कधी. पावसात तिथे कोण उभं राहणार?

तात्पर्य: थोरामोठ्यांनी दिलेली वस्तू कधीही फेकू नये. ती डोक्यावर घ्यावी, दोरीने घट्ट बांधावी आणि योग्य वेळी मगरीच्या तोंडात घालावी. चाकाला मात्र लावू नये.