करपलेलं खापर

पेठेत कुणाच्या घराचा पाया खणायला घेतला, की मालकाच्या आधी आमचे सर खड्ड्यात. पँट गुडघ्यापर्यंत वर, चष्मा नाकाच्या टोकाला. गवंडी ओरडायचे, "सर, सोनं घावलं का न्हाय?" सर मान वर न करता म्हणायचे, "सोनं तू ठेव की लेका. फुटकी खापरं मला दे."

तेव्हा शिवाजी पेठेत जुनी घरं पाडून अपार्टमेंट उठत होती, त्यामुळं सरांना उसंत नव्हती. कॉलेजात इतिहास शिकवून ते निवृत्त झालेले, दोन खोल्यांत राहायचे. मी त्यांच्याकडं धुणंभांडी करायचे. कॉटवर खापरं वाळत पडलेली, सर खाली चटईवर झोपायचे. माझ्या झाडूवरही त्यांची नजर. "थांबा काशीबाई! केर कुठल्या कोपऱ्यातला, ते सांगून मग टाका."

खापरं सातवाहनांच्या काळातली, असं ते सांगायचे. मला एवढंच कळायचं, की कुणा बाईचं भांडं फुटलं होतं.

एकदा सर म्हणाले, "पाटीतली तेवढी धुऊन ठेवा," आणि बाहेर गेले. पाटीत एका मडक्याचं बूड होतं, आतून करपून काळं झालेलं. करपलेलं भांडं तसंच ठेवायला माझा हात धजत नाही. राख घेतली, काथ्या घेतला, लख्ख केलं. मग पाटीच्या तळाशी चिठ्ठी दिसली. अक्षर लावत वाचली. 'आतलं काळं जपणे. तपासायला पाठवायचे आहे.'

मोरीत हात घालून बघितलं, नुसती राख. गॅस पेटवून खापर पुन्हा काळं करावं, असंसुद्धा मनात आलं. पेटवलाही. मग माझीच मला लाज वाटली.

चारला सर आले. मी दाराशीच सांगून टाकलं, "सर, काळं मी घासलं."

सर खाली बसले. "ती माणसं काय खात होती, ते त्यात होतं, काशीबाई."

काम गेलं, असंच मी धरून चालले. बराच वेळ ते खापर फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या हाताला काय लागलं? कसं होतं ते?"

एरवी मी त्यांच्यासमोर चार शब्द बोलत नसे. "एकाच बाजूला जाड होतं. थरावर थर. एकदाच न्हाय, सारखं करपल्यालं."

"म्हणजे?"

"चुलीवर ठिवून माणूस दुसऱ्याच कामात जातंय. ढवळायला घरात आणि कोण न्हाय."

सरांनी वही काढून सगळं लिहिलं. खाली माझं नाव घातलं, आडनावासकट. मग वही मिटत म्हणाले, "एकटाच असणार बिचारा."

दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास लवकर गेले. दार उघडंच होतं. सर खिडकीशी भिंगातून खापर बघत होते. आत गॅसवर दूध तळाला लागत आलं होतं. मी गॅस बारीक केला आणि ढवळत उभी राहिले.