कोंबड्याचा तुरा

आमच्या बालवाडीतला हत्ती फडताळात राहायचा. त्याचं शेपूट मात्र रोज रात्री शहागंजात मुक्कामाला असायचं.

ही करणी आक्काची. आक्का आमची मदतनीस. गल्लीगल्लीतून पोरं गोळा करून आणायची, दुपारी घरोघर पोचवायची. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बालवाडीला ती ‘मदरसा’च म्हणायची.

मी तेव्हा नुकतीच प्रशिक्षण घेऊन आलेली. वेणी घट्ट, डोकं त्याहून घट्ट. मोठ्या थाटात मी कोड्यांचा आणि खेळांचा कोपरा मांडला. सतरंजी, बुटकं फडताळ, मणी, सोंगट्या, लाकडी चित्रकोडी. वर पाटी, ‘हाती घेतलेले कोडे पूर्ण करूनच उठावे.’ पोरांतल्या एकालाही वाचता येत नाही, हे पाटीचा रंग वाळल्यावर लक्षात आलं. आता हे ऐकून नात विचारते, “आजी, तू अशी होतीस?” होते बाई, अशीच होते.

दुपारी घरी सोडताना आक्का कोड्याचा एकेक तुकडा पोरांच्या मुठीत द्यायची. “उद्या लावाया ये, व्हय ना?”

“आक्का, हरवतील ना तुकडे!”

“नाय हरवत. तुमी लई घोर करता, बाई.”

एकदा निरीक्षक बाई सकाळीच आल्या, पोरं यायच्या आधी. माझी नोकरी अजून कच्ची होती. त्यांनी घोड्याचं कोडं उचललं. “हा तीन पायांचा?”

आक्का शांतपणे म्हणाली, “चौथा येऊ लागलाय, बाईसाहेब. वाटंतच आसंल.”

आणि खरंच, दारातून पाय आला, शेपूट आलं, मोराची चोच धावत आली. निरीक्षक बाई पदरात तोंड लपवून हसल्या. माझी नोकरी वाचली.

कोंबड्याचा तुरा तेवढा आला नाही. तो रझियाकडं होता. आक्काचा चेहरा उतरला. चपला न घालताच ती रझियाच्या घरी गेली आणि घामाघूम होऊन परतली. “ताप हाय पोरीला. तुरा उशाखाली ठिवलाय. येती म्हनली.” मग कुठं ती पाणी प्यायली.

पुढं माझं लग्न ठरलं आणि मी सिल्लोडला निघाले. स्टँडवर आक्कानं माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं. कोंबड्याचा तुरा!

“अहो, हा पोरांचा आहे!”

“येऊन लावा,” ती म्हणाली. मग एसटीच्या चाकाकडं बघत, “लेक हैदराबादला गेला, तवा मुठीत काय द्यावं ते सुचलंच नाय मला.”

दिवाळीला माहेरी आले, ती आधी बालवाडीत गेले. कोंबडा बोडकाच होता. मी तुरा लावला. आक्कानं कोंबडा डोळे भरून पाहिला.

मी निघाले, तेव्हा तुरा काढून तिनं पुन्हा माझ्या मुठीत ठेवला.