मखमलीची दक्षिण अमेरिका

दक्षिण अमेरिका बनवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी पालकसभेत सगळ्यांदेखत सांगून बसले. भूगोलाची पदवी आहे माझ्याकडे. आजवर ती फक्त लग्न जमवताना उपयोगी पडली होती. म्हटलं, जरा हवा लागू दे तिला.

खरं कारण वेगळं होतं. आमची ठकी घरी गरजेपुरतं बोलते आणि वर्गात तेवढंही नाही. वर्ष संपत आलं तरी तिचा आवाज कसा आहे हे वर्गशिक्षिकेला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "खंडांच्या तासाला निदान चार वाक्यं बोलली तरी पुरे. नाहीतर आपल्याला विचार करावा लागेल." कसला विचार ते त्यांनी सांगितलं नाही. त्यामुळे तो बिचारा मलाच करावा लागला, आणि मी एक विचार करून थांबणारी बाई नाही.

चार वाक्यं मी तिच्यापुढे रोज घोटली. नकाशाकडे तोंड करायचं. डावा हात दाखवायचा: "इकडे अँडीज पर्वत. तिथले लोक हजारो वर्षांपासून बटाटे पिकवतात." मग उजवा हात: "डोंगरातून निघालेली ॲमेझॉन इकडे समुद्राला मिळते. वाटेतल्या जंगलात कितीतरी जमाती राहतात, त्यांच्या भाषाही वेगवेगळ्या आहेत." ठकी सगळं हातांनी बरोबर दाखवायची. तोंड मात्र बंद.

नकाशा मी कागदाच्या लगद्याचा करणार होते. सासूबाई मध्ये पडल्या. त्यांचा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेलेला.

"लगदा शाळेत पोचेपर्यंत फुटेल. मखमलीचा शिवू. तू कागद कापून दे."

मी ॲटलासवरून कागद कापला, त्यावर डोंगर-नद्या आखल्या. सासूबाईंनी हिरवी मखमल काढली.

"खाली फारच निमुळती होतेय गं ही. जरा माया सोडू का शिलाईला?"

"आई, पुढे समुद्र आहे."

"मग राहू दे."

तपकिरी चुण्यांचे डोंगर बसले, निळ्या फितीची नदी बसली. संध्याकाळी खंड भिंतीवर टांगला. काहीतरी चुकलं होतं. काय ते कळेना. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. ओळखीची बाई विग घालून समोर यावी तसं वाटत होतं.

"जरा जाड झालीये का रे?" मी नवऱ्याला विचारलं.

त्याने दचकून आधी माझ्याकडे पाहिलं. "कोण?"

मी खंड उचलून आतल्या खोलीत नेला. कपाटाच्या आरशात पाहते तर अगदी बरोबर. जीव भांड्यात पडला. मागे वळून हातातला पाहिला, पुन्हा चूक. आरशात बरोबर. हातात चूक.

"तू दक्षिण अमेरिकेला आरसा का दाखवतेयस?" नवरा दारातून म्हणाला.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. "आई, कागद कापडाच्या कुठल्या बाजूवर ठेवला होता?"

"उलट बाजूवर. सुलट बाजूला कुणी खडू लावतं का?"

झालं. कापड सुलटं करताच साऱ्या खंडाची कूस बदलली होती. पर्वत पूर्वेला आणि ॲमेझॉन मुकाट्याने पश्चिमेला निघालेली.

"आरसाच नेऊ की शाळेत," नवरा म्हणाला.

"कपाटासकट?"

मखमल संपली होती आणि खंडांचा तास उद्याच, पालकांसमोर होता. मी ठकीला समोर बसवलं. "हे बघ, उद्यापुरतं डोंगर उजवीकडे म्हणायचं."

"उद्यापुरतं?"

"हो."

"मग परवा?"

आपण पोरीला खोटं शिकवतोय, या विचाराने मी लगेच सुधारणा केली. डोंगर डावीकडेच असतात, पण तू हात उजवा कर. मग वाटलं, हे तर जास्तच वाईट. नवऱ्याने सोपं करून सांगायला घेतलं आणि शेवटी त्यालाच त्याचा डावा हात सापडेना. ठकी आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिली.

सकाळी वर्ग पालकांनी भरलेला. मुख्याध्यापिका मखमलीवर हात फिरवत म्हणाल्या, "किती हुबेहूब." पुढच्या बाकावरचे एक वडील म्हणाले, "मी कामासाठी जाऊन आलोय तिकडे. अगदी असंच आहे."

ठकी नकाशाशेजारी उभी राहिली. तोंड बंद. मागच्या रांगेतून मी हळूच उजवा हात हलवला. मग लक्षात आलं, ती माझ्यासमोर उभी, म्हणजे माझा उजवा तिच्या डावीकडे. म्हणून डावा हलवला. पण ती नकाशाकडे वळली तर? दोन्ही हलवले.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

वर्गशिक्षिका पुढे झाल्या. "असू दे बाळा, बस तू खाली." माझ्या डोळ्यांपुढे तो 'विचार' उभा राहिला.

"आई, हात खाली घे," ठकी म्हणाली.

खणखणीत. खिडकीजवळचा शिपाईसुद्धा वळून पाहायला लागला.

"हा खंड उलटा आहे. आजीने कापडाच्या मागून आखला. आईला कालच कळलं होतं, पण ती म्हणाली आजच्यापुरतं चालेल. डोंगर इकडे पाहिजेत. नदी तिकडे जाते. आणि काका, तुम्ही गेला होतात तेव्हा नीट पाहिलं नसेल." मग बटाटे आले, जंगल आलं, जमाती आल्या, त्यांच्या भाषा आल्या. बाबा कपाट आणणार होते, तेही आलं. वर्गशिक्षिकेने दोनदा "छान" म्हणून पाहिलं. ठकी थांबली नाही.

फाटकाबाहेर मी तिला जवळ घेतलं. "वर्षभर का गं बोलली नाहीस?"

"बाई सगळं बरोबरच सांगायच्या. मग मी काय बोलू?"

मी वर्षभर हिला बोलतं करायला काय काय केलं, आणि हवी होती फक्त कुणाची तरी चूक. घरापर्यंतच्या रस्त्यात तिला माझ्या बऱ्याच सापडल्या. वळणावर मी चुकून एकदा "बाळा, जरा गप्प बसतेस का?" म्हणाले.

तीही चूकच होती, असं तिचं म्हणणं आहे.