श्रीरंगचं चारित्र्य

श्रीरंगच्या कानाचा लचका कुणीतरी तोडला होता, आणि सदाशिवराव छावणी भागातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात बसून त्याच्या चारित्र्याची ग्वाही देत होते. श्रीरंग म्हणजे त्यांचा तांबूस बोका. दोन दिवस अंगात ताप, दूधभाताला तोंड लावत नव्हता. सदाशिवरावांच्या जिवाला घोर लागला होता. पण म्हणून काय चार लोकांत घरची अब्रू उघड्यावर टाकायची? छे!

"घराबाहेर जातो का?" डॉक्टर विशाखानं फॉर्म भरत विचारलं.

"उंबरा ओलांडत नाही."

"मारामाऱ्या?"

"आमच्या घरात तसले संस्कार नाहीत."

"मग हा कान?"

"कपाटावरून पडला."

डॉक्टरनं कान निरखला. "कपाटाला दात आहेत वाटतं, काका."

अंबिकाबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "अहो, खरं सांगा की!" पण सदाशिवराव म्हणजे बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढलेला माणूस तो. फॉर्मवर अडचणीचं काही लिहून द्यायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं.

"बरं, मग रक्त तपासायची गरज दिसत नाही," डॉक्टरनं पेन ठेवलं. "मांजरांची प्रतिकारशक्ती आतून पोखरणारा एक विषाणू असतो. माणसांना होत नाही, पण मांजरांत चाव्यातून पसरतो. बाहेर उंडारणारे, भांडखोर, नसबंदीचं ऑपरेशन न झालेले बोके त्यात जास्त सापडतात. तुमचा तर अगदीच घरकोंबडा."

'पोखरणारा' ऐकलं आणि सदाशिवरावांचं अवसान गळालं.

"थांबा, थांबा! लिहा डॉक्टर. रात्रंदिवस उंडारतो मेला! गल्लीतला एक बोका सोडलेला नाही त्यानं. आणि ऑपरेशन तर नाहीच नाही. दोन दिवाळ्यांमागं तीन दिवस बेपत्ता होता, तेव्हाच मी ओळखलं, पोरगं हाताबाहेर गेलं. आत्ता आमच्या बोळात तीन महिन्यांची तीन तांबूस पिल्लं आहेत, ती त्याचीच. रोज सकाळी मी दूध घालतो त्यांना. नातवंडंच म्हणा ना!"

कबुलीजबाब संपेपर्यंत त्यांची छाती चांगलीच फुगली होती. डॉक्टरनं रक्त घेतलं, मग श्रीरंगची शेपटी उचलून पाहिली आणि जरा घुटमळली.

"काका, ऑपरेशन झालंय."

"कुणाचं?"

"याचंच. चांगलं जुनं आहे."

"शक्यच नाही!" सदाशिवराव ताडकन उठले. तेवढ्यात दार ढकलून मागच्या गल्लीतल्या वच्छलाबाई धापा टाकत आत आल्या.

"ओ साहेब, माझ्या दाद्याला पिशवीत कोंबून कुठं चालवलं व्हतं? दुसरी रिक्षा करून मागं आले मी!"

"तुमचा दाद्या? बाई, हा आमचा श्रीरंग. शुद्ध शाकाहारी!"

"शाकाहारी? रोज दुपारी ताटलीभर सुकट खातंय माझ्याकडं! आन् ऑपरेशन मीच करून आणलं की त्याचं, दोन दिवाळ्यांमागं. तीन दिवस मांडीवर घेऊन बसले व्हते लेकराला."

"अहो, पण विचारायचं तरी!"

"कुणाला इचारू? त्याच्या गळ्यात काय पत्ता बांधला व्हता व्हय?"

बोलता बोलता वच्छलाबाईंनी पदराची गाठ सोडली. दोन दिवस उपाशी असलेल्या श्रीरंगनं मान वर केली आणि त्यांच्या हातावरची सुकट चाटूनपुसून खाल्ली. अंबिकाबाईंनी नाकाला पदर लावला. पण पोरगं खातंय हे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तपासणीला दहा मिनिटं लागणार होती. श्रीरंग की दाद्या, हा वाद तिथंच राहिला. सदाशिवराव आणि वच्छलाबाई शेजारी शेजारी उभे राहून तपासणीच्या त्या इवल्याशा पट्टीकडे टक लावून बघत राहिले. देवाचं नाव मात्र दोघांच्याही तोंडात एकच होतं.

"नाही आला विषाणू," डॉक्टर म्हणाली. "ताप जखमेचा आहे, औषध देते. पण चावा ताजा आहे, दोन महिन्यांनी परत तपासू. तोवर बाहेर सोडायचं नाही, घरातच ठेवायचं."

"कुणाच्या घरात?" दोघांनी एकदमच विचारलं.

"आमच्या," अंबिकाबाई म्हणाल्या. "सुकट घेऊन तुम्ही येत जा, वच्छलाबाई. फक्त गॅलरीत हं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंग खिडकीच्या जाळीआड बसला होता, आणि सदाशिवराव वाटी घेऊन बोळात निघाले होते.

"आता कशाला दूध?" अंबिकाबाईंनी हटकलं. "त्या पिल्लांचा आपल्याशी काही संबंध नाही म्हणे."

तिन्ही पिल्लं भिंतीवर रांगेत बसून वाट बघत होती. सदाशिवरावांनी वाटीत कालच्यापेक्षा थोडं जास्तच दूध ओतलं.

"असू दे," ते पुटपुटले. "मानलेली आहेत."