जुनी डिस्क उजवीकडे

बायकोचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत माझी दाढी, अंघोळ आणि एखादी डुलकी आटोपते. म्हणून त्यात एसएसडी ही नवी, वेगवान डिस्क आपणच बसवायची, असं मी ठरवलं. ती पाचला कॉलेजातून यायची होती. त्याआधी काम उरकून तिला थक्क करायचं. (लग्नाला अकरा वर्षं झाली, अजून एकदाही जमलेलं नाही.)

लॅपटॉपमध्ये तिचा प्रबंध होता. विषय, मुंग्यांच्या वाटा. चार वर्षं ती मुंग्यांकडे बघत होती. (माझ्याकडे कधी बघितलं, ही तक्रार इथे करत नाही.) परवा तो सादर करायचा होता.

काम सोपं होतं. नवी डिस्क वायरीने बाहेरून जोडायची, जुनीतलं सगळं तिच्यात उतरवायचं आणि मग दोघींची अदलाबदल करायची. पडद्यावर दोन चौकोन आले, एक डावीकडे, एक उजवीकडे. आमच्या ऑफिसात ज्येष्ठ माणसाला नेहमी उजवीकडे बसवतात. मी जुन्या डिस्कला उजवीकडे बसवलं. "उजवीकडचं सगळं पुसलं जाईल. चालेल?" असं प्रोग्रामने तीनदा विचारलं आणि मी तीनदा होकार दिला. (न वाचता होकार देणं हीच माझी नोकरी आहे.)

दोन तास लागतात म्हणे. माझं दीड मिनिटात झालं! खुशीत लॅपटॉप पुन्हा चालू केला. काळाकुट्ट पडदा आणि त्यावर एकच ओळ: या डिस्कवर काहीही सापडलं नाही.

रिकाम्या डिस्कमधलं रिकामपण मी भरलेल्या डिस्कमध्ये अगदी जपून उतरवलं होतं.

"जावईबापू, एवढा घाम कसला? पंखा चालू आहे की," दारातून सासूबाई म्हणाल्या.

"व्यायाम केला," मी म्हणालो.

पाच वाजायला आले. पळून जावंसं वाटत होतं, पण दारात सासूबाई होत्या. लिफ्टचा आवाज आला की मी लॅपटॉप झाकायचो. चौथ्या वेळी ती आमच्याच मजल्यावर थांबली.

बायको आत आली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि डोळे घट्ट मिटले.

"सगळं पुसलंस?"

"सगळं."

"बरं. पाणी दे जरा."

"अगं, तुझा प्रबंध!"

"तू डिस्क मागवलीस ना, त्याच दिवशी मी माझं सगळं हलवलं. एक प्रत आईच्या कपाटात, एक कॉलेजात, एक या पर्समध्ये."

मला रडूच कोसळलं. मुंग्या वाचल्या, संसार वाचला. आणि मग एकदम आठवलं.

"आणि माझ्या कविता? त्याही त्यातच होत्या गं!"

"त्या नाही घेतल्या."

"अगं, कवितांना अशी कितीशी जागा लागते?"

"जागेचा प्रश्न नव्हता रे," ती म्हणाली.