बाराशे बावीस वेळा सोडलेला सामना

सोल्डरिंगमध्ये आमच्या अख्ख्या नववीत माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं वाचल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून आधी! ऑक्टोबरपर्यंत मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे. मग कार्यशाळेच्या तासाला डेलॉर्म बाईंनी माझ्यापुढे शाळेचा मेलेला टोस्टर ठेवला, मी त्याला दोन डाख दिले आणि तो जिवंत झाला. तेव्हापासून माझी मान जी ताठ झाली ती झालीच.

तर फेब्रुवारी लागताच मी ठरवलं, बाबांच्या कॅसेटचा सेल बदलायचा.

कॅसेट म्हणजे व्हिडिओ गेमची. आइस हॉकीची. बाबा आणि त्यांचे मित्र गार्थकाका नववीत असताना दोघांनी लोकांच्या अंगणातला बर्फ उपसून ती विकत घेतली, आणि तेव्हापासून तीस वर्षं आमच्या तळघरात दोघं तोच एक गेम खेळतायत. त्यातले खेळाडू म्हणजे नुसते ठोकळे. चेहरा म्हणजे एक गुलाबी ठिपका, नाक-डोळे आपले आपण समजून घ्यायचे. माझ्या मामेभावाकडचा नवा गेम इतका हुबेहूब आहे की गोलकीपरच्या मोज्यांचा वास येईल असं वाटतं, पण त्यात बटणं सतरा! ह्यात तीन. पास, फटका आणि धक्का. बाबांचं म्हणणं, तीन बटणांत जे जमत नाही ते हॉकीत मोडतच नाही. गार्थकाका एवढं बोलत नाहीत. ते फक्त कॅसेटच्या तोंडात एकदा फुंकर मारतात. मग बाबा दोनदा मारतात. मग ती चालते. हा क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून! आणि नियम एकच: गोलच्या मागून वळसा घालून मारायचं नाही, कारण तो हमखास आत जातो. आणि सामना संपला की दोघंही सोफ्यावरून उठून, रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, करतात तसं, गंभीर चेहऱ्यानं हात मिळवतात.

कॅसेट दोघांची नावं, ऑरेस्ट आणि गार्थ, आणि किती जिंकले किती हरले ते लक्षात ठेवते. ह्या वर्षीचा आकडा होता सहाशे अकरा – सहाशे अकरा. तीस वर्षांनी बरोबरी! आणि फेब्रुवारीअखेर गार्थकाका गाव सोडून चालले होते. शेरिलकाकूंना दूर केलोनाच्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती, घर विकलं गेलं होतं, रिंकवरचा बर्फ गुळगुळीत करायची जी गाडी काका चालवायचे तिची किल्लीही त्यांनी परत दिली होती. म्हणून दोघांनी ठरवलं, आता हात लावायचा नाही. फॅमिली डेच्या, म्हणजे कॅनडातल्या फेब्रुवारीच्या सुट्टीच्या, सोमवारी एकच शेवटचा सामना. जो जिंकेल तो तीस वर्षं जिंकला.

बाबांना घोर होता तो सेलचा. कॅसेटच्या पोटात बटणाएवढा चपटा सेल असतो, तो मेला की सगळी आठवण पुसली जाते. आणि हा तर कॅसेटइतकाच म्हातारा. बाबा म्हणायचे काही नाहीत, पण जाता-येता फळीवरच्या कॅसेटकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचे.

म्हणून मी कॅसेट गुपचूप शाळेत नेली, फळीवर रिकामं खोकं ठेवलं. आठवण पुसू नये म्हणून जुना सेल काढण्याआधी बाजूनं दुसऱ्या सेलच्या तारा जोडल्या, मग नवा बसवला. डेलॉर्म बाई म्हणाल्या, "लारिसा, हे मलाही इतकं सफाईनं जमलं नसतं." घरी येऊन लावून बघितली. सहाशे अकरा – सहाशे अकरा! मी तळघरात एकटीच नाचले.

इथे थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण मला ती बाबांना रिबीन बांधून द्यायची होती, ऐन फॅमिली डेला. तोवर लपवायची कुठे? आमच्या घरात आईला न सापडणारी जागा नाही. आणि गॅरेज म्हणजे थंडीत आमचा दुसरा फ्रीजर. आमचंच काय, अख्ख्या गल्लीचं तसंच. फळीवर पेरोगींचे, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचे, तीन डबे आणि लोणी-साखरेच्या बटर टार्टचा एक, आणि टार्टच्या डब्याला सणापर्यंत हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मी कॅसेट रुमालात गुंडाळून त्याच डब्यात, टार्टच्या वर ठेवली. काय डोकं लावलं, असं वाटलं!

त्या आठवड्यात पारा उणे अडतीसवर गेला.

सणाच्या बरोबर आठ दिवस आधी, रविवारी, मी सहज कौतुकानं कॅसेट काढून लावली. पडद्यावर आलं: नाव टाका.

मी फुंकर मारली. एकदा, मग दोनदा. नाव टाका.

सेल गारठून निपचित पडला होता. तीस वर्षं बटर टार्टवर बसून गोठून गेली होती!

मी टॅनिसला फोन केला. टॅनिस माझी मैत्रीण, मुलींच्या संघाची गोलकीपर. तिच्यावर काहीही येऊन आदळलं तरी ती पापणी हलवत नाही. तिनं शांतपणे विचारलं, "आकडा पाठ आहे ना? मग परत भर."

"बाराशे बावीस सामने? एकाला पाऊण तास लागतो!"

"खेळायला. सोडायला किती लागतो?"

ह्या गेमची एक खोड आहे. सामना मध्येच सोडला की सोडणाऱ्याच्या नावावर हार लागते. एकदा आईनं जेवायला हाक मारली आणि बाबा उठले, तो पराभव काका अजून काढतात. म्हणजे मी बाबांच्या नावानं सुरू करून सोडायचा, टॅनिसनं काकांच्या. ऑर्गन वाजतो, फेसऑफ होतो, म्हणजे पंच मधोमध चकती टाकतो, दोन ठोकळे तिच्यावर तुटून पडतात, की लगेच थांबवा, खाली, खाली, दाबा. चाळीस सेकंद! बाराशे बावीस गुणिले चाळीस म्हणजे साडेतेरा तास. सात दिवस. रोज दोन तास.

सोमवारपासून आम्ही शाळा सुटली की तळघरात. बाबा नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक पहाटे बाहेर काढतात, त्यामुळे दुपारी झोपलेले असतात. पण त्यांच्या पलंगाच्या बरोबर खाली आमचा टीव्ही. तीस वर्षं ज्या ऑर्गनवर जीव लावला तो दर चाळीस सेकंदांनी वाजायला लागल्यावर माणूस झोपेल कसा?

बुधवारी जिन्यावर बाबा उभे! मोज्यांवर, केस उभे. मी म्हटलं, आम्ही वेगळ्या नावांनी खेळतोय, तुमच्या आकड्याला धक्का नाही. बाबांनी आकड्याचं विचारलंच नाही. ते वर गेले आणि दोन डबे लेमनेड घेऊन आले.

"तासभर ऐकतोय," ते म्हणाले. "नुसता फेसऑफ. परत परत. माझ्या लक्षात आलं गं. गार्थ गेल्यावर मी कुणाशी खेळणार, म्हणून ना?"

मी लेमनेड प्यायले.

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते विचारू नका! बाबांनी आईला सांगितलं, पोरगी पायापासून शिकतेय, नुसता फेसऑफ घोटवतेय. आईनं शेरिलकाकूंना सांगितलं. शुक्रवारी गार्थकाका स्वतः आले, सामान बांधायचं टाकून, आणि त्यांनी मला त्यांचा कंट्रोलर दिला. तीस वर्षांचा. फटक्याच्या बटणावरचं अक्षर झिजून नाहीसं झालेलं, तिथे त्यांच्या अंगठ्याचा खळगा. "बाबाला सोपा सामना देऊ नकोस," एवढंच म्हणाले आणि नाक शिंकरत निघून गेले.

"आता खरं सांगून टाक," टॅनिस म्हणाली.

"आठशे चाळीस झालेत. आता?"

"मग निदान एक तरी पुरा खेळू. एक गोल. मला गोल झाल्यावरचा भोंगा ऐकायचाय."

मलाही ऐकायचा होता! आठशे चाळीस वेळा चकती पडताना बघितली, आठशे चाळीस वेळा माझा ठोकळा तिला भिडला, आणि प्रत्येक वेळी पुढे मोकळा बर्फ दिसत असताना मी थांबवा, खाली, खाली, दाबा. वाढलेल्या ताटावरून उठावं तसं व्हायचं. पहिल्यांदाच कळलं की हे दोघं तीस वर्षं खाली काय करत होते. पण वेळ नव्हता. रविवारी संध्याकाळी सहाशे अकरा – सहाशे अकरा झालं. आम्ही हात मिळवले, रिबीन बांधली, आणि कॅसेट मी उशीखाली घेऊन झोपले. उबेत!

सोमवारी तळघरात आई, शेरिलकाकू, टॅनिस आणि सगळ्या खिडक्या धुकट करून सोडतील एवढ्या पेरोगी. मी बाबांना कॅसेट दिली, नव्या सेलचं सांगितलं. बाबांनी रिबीन घडी घालून खिशात ठेवली. काकांनी एक फुंकर मारली, बाबांनी दोन. सहाशे अकरा – सहाशे अकरा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आणि टॅनिसनं जरा कमी.

मग बाबा उठून उभे राहिले. रिंकवर मोठा सामना असला की पाहुण्याच्या मानाचा फेसऑफ असतो, ते म्हणाले, तसा आज इथेही होणार. "पहिली चकती लारिसा घेईल. माझ्याकडून. चकती मिळव आणि कंट्रोलर मला दे."

मी नको नको म्हणत होते, सगळ्यांना वाटलं लाजतेय. कंट्रोलर हातात आला. ऑर्गन वाजला. पंचानं चकती टाकली. माझा ठोकळा भिडला आणि चकती मिळाली! आणि माझ्या बोटांनी, माझी परवानगी न घेता, सात दिवसांच्या सवयीनं थांबवा, खाली, खाली, दाबा.

ऑरेस्ट सहाशे अकरा. गार्थ सहाशे बारा.

तीस वर्षांचा शेवटचा सामना चाळीस सेकंदांत संपला होता, आणि बाबा हरले होते. आईच्या हातातली ताटली तिरपी होऊन एक पेरोगी घरंगळत काकूंच्या बुटात गेली, ती कुणी काढली नाही.

मग मी सगळं सांगितलं. टार्टचा डबा, उणे अडतीस, बाराशे बावीस. रडत सांगितलं, त्यामुळे आकडे दोनदा चुकले, टॅनिसनं दुरुस्त केले.

आधी बोलले ते गार्थकाका, आणि तेही जमिनीकडे बघून.

"ऑरेस्ट, दोन हजार तीन सालची गोष्ट. मी भावाला दाखवायला कॅसेट नेली होती. जानेवारीत. ट्रकमध्ये राहिली."

बाबांनी हळूच मान वळवली. "रात्रभर?"

"सकाळी कोरी. मग रिंकच्या ऑफिसात तीन आठवडे बसून भरली. असंच, सोडून सोडून. पण आकडा नीट आठवत नव्हता."

"मग?"

"अंदाजे भरला. जिथे शंका आली तिथे तुझ्या बाजूनं दिला."

बाबा सोफ्यावर बसले. त्या सहाशे बाराकडे बघता बघता त्यांचे कान लाल झाले. माझेही असेच होतात.

"दोन हजार अकरा साली तळघरात पाणी शिरलं होतं ना," ते म्हणाले. "मीही भरलाय. आणि मी शंका आली तिथे तुझ्या बाजूनं दिला."

"तरीच बरोबरी झाली," आई म्हणाली. "तीस वर्षं मी ह्या आकड्यापायी जेवण खाली पाठवतेय!"

आधी शेरिलकाकू हसायला लागल्या, मग कुणालाच हसू आवरेना. काकांनी डोळे पुसत विचारलं, मग खरोखर पुढे कोण आहे? बाबा म्हणाले, देव जाणे, आणि त्यालाही फुंकर मारावी लागेल. मग दोघांनी मिळून सगळं पुसलं. शून्य – शून्य. कॅसेट सहा महिने केलोनाला, सहा महिने इथे असं ठरलं. नेताना शर्टाच्या आत, अंगाला लावून न्यायची, ट्रकमध्ये ठेवायची नाही, हा वळशाच्या गोलनंतरचा दुसरा नियम.

"पहिला सामना हिचा," गार्थकाका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "बिचारीनं एक गोल बघितलेला नाही."

मी चौदा बघितले. सगळे त्यांचे! भोंगा मात्र खरंच सुंदर आहे. शेवटी मी उठून गंभीर चेहऱ्यानं हात मिळवला.

त्यानंतर बाबा आणि काका बसलेत ते बसलेत. दोन – दोन झालंय, पाचवा चालू आहे. आईनं जेवायला तीनदा हाक मारली, पण जो उठेल त्याच्या नावावर हार, त्यामुळे पेरोगी खालीच पोचवल्या जातायत. कॅसेटमध्ये सगळ्यात वर माझं नाव आहे: लारिसा, जिंकले शून्य, हरले एक. दोन हजार तीननंतरचा हा पहिला खरा आकडा, आणि तो माझा आहे.

आणि सेल मी अप्रतिम बसवलाय. डेलॉर्म बाईंना विचारा. फक्त टार्टचं काही बोलू नका.