तांब्यात अडकलेले पप्पा

"थेरपीचं माझ्यावर सोड," असं रूपेशने बायकोला, विनिताला, ऐटीत सांगितलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात रोज वीस-वीस टनांचे ट्रेलर रिकामे करून घेणारा माणूस तो. सात वर्षांच्या पोरीचा हात त्याला काय जड!

सेरेब्रल पाल्सीमुळे प्रांजलचा डावा हात जन्मापासून आखडलेला, मूठ कायम मिटलेली. पुण्याच्या रोहिणी मॅडम लॅपटॉपवरून पनवेलच्या घरी व्यायाम घ्यायच्या. चांगल्या उजव्या हातावर जाड हातमोजा चढवायचा, वेलक्रोची पट्टी आवळायची आणि अर्धा तास सगळं डाव्यानेच करायचं. महिना झाला, तरी चिमटीत काही धरता येईना. त्या दिवशी तर पोरीने वैतागून डावा हात पाठीमागेच लपवला.

मग पप्पाच करून दाखवायला बसले. दुसरा हातमोजा स्वतःच्या उजव्या हातावर चढवून रूपेशने पट्टी करकचून आवळली आणि व्यायामासाठी पितळी तांब्यात टाकलेले चिंचोके काढायला डावा हात आत घातला. हात आत गेला तो गेला, बाहेर येईना. ओढून झालं, पिरगाळून झालं, तांब्या गुडघ्यांत दाबून झाला. उजवा सोडवावा, तर डावा तांब्यात! पट्टी दातांनी सोडवायला गेला, तर वेलक्रोने त्याची मिशीच धरली.

रोहिणी मॅडमनी आधी काळजीने लागलं का विचारलं, मग त्या पडद्यावरून दिसेनाशा झाल्या. फक्त हलणारा खांदा दिसत होता.

तुझा हातमोजा काढ आणि मला सोडव, अशी रूपेशने लेकीची विनवणी केली. प्रांजलने घड्याळाकडे पाहिलं.

"अजून बारा मिनिटं आहेत. सगळं डाव्यानेच करायचंय."

आणि तिने डावा हात पुढे केला. बोटं एकदा घसरली, दोनदा घसरली. तिसऱ्यांदा अंगठा आणि बोट पट्टीच्या टोकावर मिटले. मॅडमचं हसू थांबलं. चर्र करून पट्टी निघाली, सोबत थोडी मिशीही. रूपेशच्या डोळ्यांत पाणी आलं. मिशीमुळे, असं त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं. तांब्या मग तेल लावल्यावर सुटला.

संध्याकाळी मॅडमचं नवं वेळापत्रक आलं: रोज सकाळी दहा वेळा पप्पांची पट्टी सोडवणे.

दुसऱ्या दिवशी विनिताने नवऱ्याच्या दोन्ही हातांना मोजे आवळले आणि ती खारघरला आपल्या नोकरीवर गेली. प्रांजलने नऊ वेळा पट्टी सोडवली, नऊ वेळा परत लावली. दहाव्या वेळी शाळेची व्हॅन आली, आणि ती पप्पांना डाव्या हाताने टाटा करून निघून गेली.